बिनपत्त्याच्या माणसाला पत्र

ति. ठणठणपाळ यांस,
सा. न. वि. वि.

पत्र टाकायचं कुठे, इथपासूनच अडलं. तुमच्या नावाने लिहिणाऱ्या जयवंत दळवींच्या पत्त्यावर टाकण्यात अर्थ नाही. ते १६ सप्टेंबर १९९४ रोजी गेले. तुम्ही गेलात असं मात्र म्हणता येत नाही, कारण तुम्ही जन्मल्याचीच नोंद कुठे नाही. आमचं ठाकूरद्वार महापालिकेच्या सी आणि डी वॉर्डांच्या सीमेवर येतं. दोन्ही कचेऱ्यांत खेटे घातले तरी ठणठणपाळ नावाचा दाखला काही निघायचा नाही, आणि ज्याला जन्माचा दाखला नाही त्याला मृत्यूचा कोण देणार? म्हणून पाकीट न चिकटवता हे पत्र उघडंच ठेवलं आहे. वाटेत इतरांनी वाचलं तरी माझी हरकत नाही. तुमचीही नसावी, दुसऱ्यांच्या भानगडी चारचौघांत वाचून दाखवण्यातच तुमची हयात गेली.

तुमची ओळख करून द्यायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं, पण आली आहे. केशवराव कोठावळ्यांनी जानेवारी १९६४ मध्ये ‘ललित’ काढलं. पुस्तकांविषयीचं मासिक. कुणाचं काय छापून आलं, कोण काय लिहितो आहे, कुणाला कसलं पारितोषिक मिळालं, असा त्याचा मजकूर. असं मासिक पाहता पाहता सुतकी होऊ शकतं. तुम्ही त्यात ‘घटका गेली पळे गेली’ हे सदर लिहायला बसलात आणि जवळजवळ वीस वर्षं उठला नाहीत. मराठी लेखकांचे सत्कार, भाषणं, प्रस्तावना, रुसवेफुगवे, संमेलनं हा तुमचा कच्चा माल. सुरुवातीला हा ठणठणपाळ कोण, याचे तर्क चालले. मग वसंत सरवट्यांनी तुम्हाला रूप दिलं, हातात हातोडा दिला, आणि तुम्ही दळवींपेक्षाही खरे वाटायला लागलात. सरवटे सिमेंट कंपनीत इंजिनिअर, दळवी अमेरिकन माहिती खात्यात नोकरीला. साहित्यिकांची खोड काढण्याचं काम दोन नोकरदार माणसं फावल्या वेळात करत होती. मराठी साहित्याला त्या काळी किती फावला वेळ मिळत होता हेही त्यावरून कळतं.

मला तुमच्याशी बोलायचं आहे ते एकाच गोष्टीबद्दल. लिहिलेल्या मजकुरात माणसाचा आवाज येतो कुठून, आणि नेमका कागदावर येताना जातो कुठे?

हा प्रश्न मला गणपतीच्या दिवसांत पडतो. आमच्या मंडळाची स्मरणिका असते. जाहिराती जमवणारे पुष्कळ, म्हणून मजकूर बघण्याचं काम माझ्याकडे. आमच्या मजल्यावर एक काका आहेत. एका वर्षी आमच्या बाप्पाचं आगमन वाडीच्या तोंडाशी अडकलं, ती हकिगत ते गॅलरीत उभे राहून सांगतात. ती साधारण अशी: “मूर्ती मोजली. कमान मोजली. मूर्ती बसते म्हणून सही केली. प्रभावळ मोजायची कुणी, यावर कमिटीत दोन मतं होती, त्यामुळे ती कुणीच मोजली नाही. आता बाप्पा रस्त्यात, बाप्पाच्या मागे बस, बसच्या मागे सगळं गिरगाव. अध्यक्ष म्हणतात कमान काढा, खजिनदार म्हणतो कमानीचं भाडं भरलंय. शेवटी कंडक्टर खाली उतरला. हात जोडून म्हणाला, देवाला तिकीट मागत नाही, पण पुढे सरका.” काका हे सांगताना हसत नाहीत. ऐकणारी गॅलरी कठड्याला धरून असते.

काकांना म्हटलं, हेच लिहून द्या. त्यांनी चार दिवस घेतले आणि फुलस्केपवर सुवाच्य अक्षरात लिहून आणलं: “काही अपरिहार्य तांत्रिक अडचणींमुळे श्रींच्या आगमनास किंचित विलंब झाला. तथापि कार्यकर्त्यांच्या अथक परिश्रमांमुळे व भाविकांच्या उदंड सहकार्यामुळे सदर सोहळा निर्विघ्नपणे पार पडला.”

कंडक्टर गेला. खजिनदार गेला. प्रभावळ गेली. काकासुद्धा गेले. उरलं ते कुठल्याही वाडीच्या, कुठल्याही वर्षीच्या स्मरणिकेत चालेल असं काहीतरी. मी विचारलं, तर काका म्हणाले, “ते बोलायला ठीक आहे हो. छापायचं म्हणजे जरा व्यवस्थित नको का?”

ठणठणपाळ, ही काकांची एकट्यांची गोष्ट नाही. मराठीत बोलणारी माणसं आणि लिहिणारी माणसं वेगवेगळ्या गावची असावीत असा संशय येतो. आपण बोलताना नकला करतो, सुरात खोच ठेवतो, निम्मं वाक्य गिळून उरलेल्या निम्म्याने काम भागवतो. हातात पेन आलं की आपल्यात एक हेडक्लार्क संचारतो. ‘सदर’, ‘उपरोक्त’, ‘यथोचित’ ही त्याची फौज. विद्वान मंडळींची तऱ्हा याहून फार वेगळी नाही. त्यांच्यात हेडक्लार्कऐवजी परीक्षक संचारतो, एवढंच. भीती दोघांची एकच: हे वाचून कोण काय म्हणेल?

या भीतीवर मराठी विनोदकारांनी पूर्वीपासून एक उपाय शोधून ठेवला आहे. नाव काढून ठेवायचं. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर वकिली करणारे, टीकाकार म्हणून वचक असलेले गृहस्थ. १९०२ साली त्यांनी ‘साक्षीदार’ हा विनोदी लेख लिहिला आणि पुढे सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या असं त्रिकूट उभं केलं. रूढींवर थेट व्याख्यान दिलं असतं तर ऐकणारे आधीपासूनच सुधारक असलेले चारजण मिळाले असते. कोल्हटकरांनी तसं केलं नाही. त्यांचा सुदामा रूढी मनोभावे पाळतो, त्यापायी फजीत होतो आणि ती फजिती आपल्याला गंभीरपणे सांगतो. शहाणपण वाचकाच्या वाट्याला, मूर्खपणा लेखकाच्या. राम गणेश गडकरी विनोद लिहिताना बाळकराम झाले. ‘एकच प्याला’ लिहिणाऱ्या माणसाला हसण्यासाठी दुसरं नाव लागलं. आचार्य अत्र्यांनी केशवकुमार होऊन ‘झेंडूची फुले’ वाहिली. आणि मग तुम्ही.

यात नवल असं की नाव झाकलं की आवाज दबायला हवा, तर तो मोकळा होतो. नाव असलं की त्याला जपावं लागतं. नावाला पद असतं, नातेवाईक असतात, येत्या निवडणुकीत मतं हवी असतात. ठणठणपाळला यातलं काहीच नव्हतं. त्याला पारितोषिक द्यायचं म्हटलं तरी शाल कुणाच्या खांद्यावर घालणार?

मात्र मुखवटा घातला की आवाज आपोआप येतो असंही नाही. तसं असतं तर निनावी पत्रं लिहिणारे सगळे विनोदकार झाले असते. तुमच्यात आणि निनावी पत्रवाल्यात फरक कशाने पडला? मला वाटतं, गिरगावाने पडला.

ठाकूरद्वारच्या नाक्यावर उभं राहून बघा. जगन्नाथ शंकरशेट रस्ता इथून सरळ जातो. त्याच रस्त्यावर मॅजेस्टिक सिनेमा होता, जिथे १४ मार्च १९३१ ला ‘आलम आरा’ लागला. आता तिथे शॉपिंग सेंटर आहे, पण कोठावळ्यांच्या मॅजेस्टिक बुक स्टॉलने आपलं नाव त्या थेटराकडून उचललं आणि थेटर गेल्यावरही सोडलं नाही. जवळच खटाववाडीत ‘मौज’चा छापखाना, तिथे श्री. पु. भागवत ‘सत्यकथा’ मासिकासाठी आलेल्या कथांवर बारीक अक्षरात सूचना लिहीत बसलेले. केळेवाडीत मुंबई मराठी साहित्य संघ, स्थापना १९३५ची. लेखक, प्रकाशक, मुद्रक, टीकाकार आणि नाटकवाले, सगळे चालत जाण्याच्या अंतरावर. ज्याची महिन्याच्या अंकात खोड काढली, तो त्याच आठवड्यात पुस्तकं चाळायला स्टॉलवर येणार. तुम्हाला पत्ता नव्हता, पण ‘ललित’ला होता. तक्रार कुठे करायची ते सगळ्यांना माहीत होतं.

एवढ्या जवळून माणूस दुष्टपणा करू शकत नाही. करायला गेला तर टिकत नाही. तुमची जागा आमच्या चाळीतल्या गॅलरीसारखी होती: शेजाऱ्याची फाटकी बनियन दिसते खरी, पण आपलीही त्याच दोरीवर वाळत असते. तुम्ही ज्या साहित्यविश्वाला हसलात त्याच विश्वात दळवी लिहीत होते, छापून येत होते, परीक्षणं सोसत होते. म्हणून चिमटा बसला तरी वळ उठत नव्हता.

इथे एक जुना समज आडवा येतो: शैली म्हणजेच माणूस. हे वाक्य फ्रान्सातून आलं आणि मराठीत स्थायिक झालं. पण तुम्हाला दळवींच्या शेजारी बसवलं की ते टिकत नाही. १९६३ साली त्यांची ‘चक्र’ आली. झोपडपट्टीतली कादंबरी, १९८१ साली तिच्यावर निघालेल्या चित्रपटात स्मिता पाटील होत्या. त्या पानांत ठणठणपाळ कुठे डोकावतही नाही. १९६४ साली ‘सारे प्रवासी घडीचे’ आलं. त्यात कोकणातल्या आरवली गावाची माणसं. हसता हसता घशाशी काहीतरी येतं, पण तो सूर ‘चक्र’चा नाही आणि तुमचाही नाही. आणि त्याच सुमाराला तुम्ही ‘ललित’मध्ये हातोडा परजत होतात. पुढे ‘संध्याछाया’ लिहून दळवींनी नाट्यगृहातल्या म्हाताऱ्या आईबापांना रडवलं. एकच माणूस, एकच हात, आणि आवाज निदान तीन.

म्हणजे शैली हा स्वभाव नसावा. कुठून बघायचं ते ठरवणं म्हणजे शैली. ‘चक्र’साठी दळवी झोपडीच्या आत, जमिनीलगत बसले. आरवलीच्या आठवणींसाठी त्यांनी घरच्या ओटीवर बैठक मांडली. तुमच्यासाठी त्यांनी गॅलरी निवडली. बैठक ठरली की शब्द तिथूनच सुचतात, वाक्यांची लांबी तिथूनच ठरते. आमच्या काकांचं चुकतं ते इथे. गॅलरीत घडलेली गोष्ट ते व्यासपीठावरून लिहितात.

हे बोलणं हवेत राहू नये म्हणून एक साधा नमुना घेतो. समजा, एका लेखकाच्या पुस्तकाचं प्रकाशन झालं. व्यासपीठावरून लिहिलं तर: “मान्यवरांच्या उपस्थितीत प्रकाशन सोहळा उत्साहात संपन्न झाला.” विनोद करायचाच असा निर्धार केलेला माणूस लिहील: “भाषणं ऐकून श्रोते अक्षरशः झोपले, हा हा!” आणि गॅलरीतला माणूस लिहील: “सहा वक्ते बोलले. पुस्तक वाचलेला एकच होता, आणि त्याने ते भाषणात कळू दिलं नाही.”

तिसऱ्या वाक्यात एकही गमतीदार शब्द नाही. उद्गारचिन्ह नाही. कुणाला शिवी नाही. आकडे आहेत, माहिती आहे, आवाज अहवालाचाच आहे. फक्त शेवटच्या चार शब्दांत जमीन सरकते. मराठीची ही मोठी सोय आहे: आपलं क्रियापद शेवटी येतं, नकारही शेवटी येतो. वाक्य पूर्ण होईपर्यंत होकार की नकार ते वाचकाला कळत नाही. चांगला विनोदी लेखक ही सोय वाया घालवत नाही. तो शेवटच्या शब्दापर्यंत चेहरा सरळ ठेवतो. काका हेच करत होते. खजिनदार ‘कमानीचं भाडं भरलंय’ म्हणाला, एवढंच सांगून ते थांबले. खजिनदार कंजूष आहे, हे त्यांनी सांगितलं नाही. ते गॅलरीने ठरवलं.

वाचनीय आवाजाचं मर्म मला तरी इतकंच दिसतं: निष्कर्ष वाचकाकडे ठेवायचा. विशेषणं लावली की निष्कर्ष लेखकाने आधीच खाऊन टाकलेला असतो, वाचकाच्या पानात उष्टं पडतं. शि. म. परांजप्यांनी ‘काळ’ साप्ताहिकात वक्रोक्तीने लिहून सरकारची जी पंचाईत केली, ती याच बळावर. वर वर स्तुती, आत निंदा, आणि अर्थ लावणारा वाचक. १९०८ साली त्यांना राजद्रोहाखाली शिक्षा झाली, म्हणजे सरकारसुद्धा शेवटी चांगला वाचक निघालं.

तुमचं सगळं गोड मानून घ्यायला मात्र मी हे पत्र लिहिलेलं नाही. तुमच्या गॅलरीतून दिसणारा चौक छोटा होता. साहित्यिकांनी साहित्यिकांबद्दल लिहायचं आणि साहित्यप्रेमींनी हसायचं, अशी ती घरची मैफल. तुम्ही सदर लिहीत होतात त्याच काळात, १९६९ मध्ये, लघुनियतकालिकवाल्या तरुणांनी खटाववाडीत ‘सत्यकथे’च्या अंकाची होळी केली. त्यांना गॅलरीत जागाच नव्हती. १९७२ साली दलित कवी नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रह आला. ज्या वेश्यावस्तीवरून ते नाव आलं, ती ठाकूरद्वारहून पायी जाण्याच्या अंतरावर आहे, पण आमच्या वाडीतले लोक वळसा घालून जात. ढसाळांच्या शब्दांचा अर्थ मध्यमवर्गीय वाचकाला लागत नव्हता, इतका तो आवाज दुसरीकडून येत होता. आणि त्याला मुखवटा चालला नसता. ज्याचं नाव पिढ्यान्‌पिढ्या कुणी नीट घेतलंच नाही, तो नाव झाकून काय लिहील? त्याला आधी ते मोठ्याने सांगावं लागतं. मुखवटा ही ज्याचं नाव आधीच जमेस धरलं गेलं आहे त्याची चैन आहे. तुम्हाला ती परवडली.

पण नीट पाहिलं तर हे माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जात नाही. ढसाळांनीही तेच केलं: आपण कुठे उभे आहोत ते ठरवलं आणि तिथून तसूभर हलले नाहीत. कागदासाठी वेगळे कपडे घातले नाहीत. तुम्ही हसत होतात, ते पेटलेले होते; लिहिताना हेडक्लार्कला दाराबाहेर दोघांनीही उभं केलं.

आता इकडचं वर्तमान. भुयारी मेट्रोमुळे नाक्याचं रूप बदललं. जुन्या इमारती गेल्या, २०२५च्या ऑक्टोबरमध्ये गिरगाव स्टेशन उघडलं. त्याच मार्गावर वरळीला ‘आचार्य अत्रे चौक’ नावाचं स्टेशन आहे. मराठी विनोदकाराच्या नावाची घोषणा गाडीत रोज गंभीर आवाजात होते आणि कुणी हसत नाही. अत्र्यांनी यावर एक अग्रलेख नक्की खर्ची घातला असता. वर्तमानपत्रांत तुमच्या कुळातले तंबी दुराई आणि ब्रिटिश नंदी येऊन गेले, म्हणजे वंश बुडालेला नाही.

पण सगळ्यांत जास्त वाचला जाणारा मराठी विनोद आता फोनवर येतो, आणि त्याच्याखाली बहुधा ‘पु. ल. देशपांडे’ असं लिहिलेलं असतं. त्यातला बराचसा पुलंचा नसतो. दोन ओळी वाचल्या की कळतं: हा माणूस वाचकाला कोपराने ढोसतो आहे, पुलं ढोसत नसत. गावदेवीत जन्मलेल्या त्या माणसाने ‘बटाट्याची चाळ’ उभी केली ती भाडेकरूंमध्ये बसून. वर उभं राहून त्यांना हसला असता तर चाळ दुसऱ्या आवृत्तीआधीच पडली असती. तुमच्या वेळी आवाज होता आणि नाव नव्हतं. आता नाव असतं आणि आवाज नसतो. तरी गंमत ही की फसवणूक पकडली जाते ती कानानेच. वाचणाऱ्याला आवाज अजून ओळखू येतो. लिहिणाऱ्यानेच आपला हरवला आहे.

तो सापडावा यासाठी कुणी प्रतिभावंत असण्याची गरज नाही, हे मला काकांनी पटवलं. त्यांच्याकडे निरीक्षण होतं, थांबण्याची जागा होती, सरळ चेहरा होता. तुमच्याकडे असलेलं सगळं साहित्य आमच्या मजल्यावर होतं. म्हणून यंदापासून मी मजकूर मागताना एवढंच सांगतो: कुणाला सांगताय त्याचं तोंड डोळ्यांसमोर आणा आणि पहिला ‘सदर’ आला की पेन खाली ठेवा. चहा घ्या. मग पुन्हा सुरुवात करा. चहा बराच लागतो, पण मंडळाच्या खर्चात बसतो.

तुमच्याकडे मागणं एकच. लिहिणारा कागदासमोर घाबरून ताठ बसला की त्याच्या टेबलावर एकदा हातोडा आपटत जा. डोक्यात घालू नका. तुम्ही कुणाच्याच घातला नाहीत.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
ठाकूरद्वारचा एक वाचक

ता. क. काकांनी हकिगत नव्याने लिहून दिली आहे. कंडक्टर परत आला, खजिनदारही आला. काकांची अट एवढीच की खाली त्यांचं नाव छापायचं नाही. खजिनदाराचं छापलं तरी चालेल.